काखेत कळसा, तरी वळसा हवाच

स्वप्नामागे निघालेल्या आणि वाटेत स्वतःला ओळखू लागलेल्या माणसाची कादंबरी, हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय. आलेल्या पत्रांत वाचणाऱ्यांची कमी आणि लिहिणाऱ्यांची जास्त, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूला झुकली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : माझी नायिका सुताराची मुलगी आहे. घरचा धंदा सोडून तिला व्हायोलिन बनवायला शिकायचंय. पहिली पन्नास पानं झरझर लिहून झाली. पण ती घराबाहेर पडते आणि तिथून पुढे माझं लिखाण भाषणासारखं व्हायला लागतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

उंबरठ्यावरच. घरात असेपर्यंत तिला अडवायला बाप होता, कारखाना होता, पैशाची चणचण होती. प्रत्येक पानावर कुणीतरी 'नाही' म्हणत होतं आणि त्या 'नाही'मुळे प्रसंग आपोआप उभे राहत होते. ती बाहेर पडली आणि विरोध मागेच राहिला. आता पानं कशाने भरायची? मग लेखक निसर्ग आणतो, प्रवास आणतो आणि शेवटी 'मनाचा आवाज' आणतो. भाषण तिथून सुरू होतं.

उपाय असा. एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिली, तिला काय हवंय. दुसरी, तिच्यात काय उणं आहे जे तिला स्वतःलाच माहीत नाही. पहिली ओळ तुमच्याकडे आहे : स्वतःच्या हाताने घडवलेलं व्हायोलिन. दुसरी बहुतेक नाही. समजा ती अशी : चार लोकांसमोर चूक झालेली तिला सोसत नाही, कारण बापाच्या कारखान्यात चूक म्हणजे वाया गेलेलं लाकूड आणि वाया गेलेलं लाकूड म्हणजे दिवसभराचा अबोला. आता विरोध तिच्यासोबतच घराबाहेर पडला. शिकायचं तर चुका दाखवाव्या लागणार आणि ती चुका लपवणार. पुढच्या दीडशे पानांना एवढं भांडण पुरतं.

आता हेच धंद्याच्या तपशिलात उतरवा. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसची असते, मागची मेपलची. वरची फळी आतून कोरत कोरत साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाडीवर आणतात आणि कॅलिपरने पुन्हापुन्हा मोजतात. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. तुमच्या नायिकेच्या हातून एका जागी फळी फार पातळ होते. ती कुणाला सांगत नाही, सरस लावून वाद्य बंद करते. वाद्य वाजतं, छानही वाजतं. काही महिन्यांनी तारांच्या ताणाने घोडीखालची (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याखालची) फळी खचायला लागते, तेव्हा ते वाद्य दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. बघा, प्रसंग मिळाला, परिणाम मिळाला, दोन्हींच्या मधला काळही मिळाला. 'चुका मान्य करायला शिकलं पाहिजे' हे वाक्य लिहायची गरजच उरली नाही.

दुसरी तपासणी किमतीची. प्रत्येक प्रकरणाच्या समासात लिहा की या प्रकरणात तिने काय गमावलं. पैसे, वेळ, एखादं नातं, बाजारातली पत, हाताचं बोट, स्वतःबद्दलचं चांगलं मत, काहीही चालेल. पण जे गेलं ते पुढच्या प्रकरणात फुकट परत मिळता कामा नये. सलग तीन प्रकरणांचे समास कोरे राहिले, तर तिथे कादंबरी थांबलेली आहे, भाषा कितीही सुंदर असो.

तिसरी तपासणी पेन्सिलीची. संदर्भातून उचलून कॅलेंडरवर छापता येईल अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. दहा पानांत दोनपेक्षा जास्त रेघा आल्या की वाचकाला आपण वर्गात बसलोय असं वाटू लागतं. रेघ पडलेल्या वाक्यांपैकी निम्म्याहून जास्त सरळ काढून टाका. उरलेल्यांतली काही अशा पात्राच्या तोंडी द्या, जे त्या क्षणी चुकतंय. तेच वाक्य चुकणाऱ्या माणसाच्या तोंडी आलं की वाचक स्वतः विचार करू लागतो. शेवटची दोनचार ठेवा, तीही प्रकरणाच्या मध्यावर. प्रकरणाच्या शेवटी सुविचार ठेवायची सवय या प्रकारच्या कादंबऱ्यांना फार लागलेली आहे. ती मोडली तरी अर्धं काम होतं.

जाता जाता एक मोह सांगून ठेवतो. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागे, एक छोटा गोल दांडा उभा असतो. त्याला साउंड पोस्ट म्हणतात. तो सरसाने चिकटवलेला नसतो. वरच्या आणि मागच्या फळीच्या दाबात नुसता अडकून उभा असतो. फ्रेंच आणि इटालियन भाषांत त्याचं नावच 'आत्मा' या अर्थाचं आहे. आत्मशोधाच्या कादंबरीला याहून आयतं प्रतीक मिळणार नाही, आणि म्हणूनच ते पहिल्या प्रकरणात वापरायचं नाही. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर हा दांडा पडू शकतो. घाबरलेली शिकाऊ मुलगी तेवढंच करते आणि आत काहीतरी खडखडतं. प्रसंग इतकाच लिहा. त्या दांड्याला इटालियन लोक काय म्हणतात ते पुढे कधीतरी कुणी सहज बोलून जाईल. कुणी नाहीच बोललं तरी बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या कथेत नायक दूरदेशी जातो आणि शेवटी खजिना त्याच्या स्वतःच्या घरात सापडतो. हा शेवट एका जगप्रसिद्ध कादंबरीशी जुळतो, असं मैत्रिणीने सांगितलं. आता तो बदलू का?

बदलू नका. तो शेवट कुणा एकाच्या मालकीचा नाही. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या कथाप्रकाराला १६४५ हा क्रमांक आहे आणि त्याचं नावच 'घरातला खजिना' असं आहे. तेराव्या शतकात फारसी सूफी कवी रूमीच्या 'मसनवी' या दीर्घकाव्याच्या सहाव्या खंडात ही गोष्ट येते : वारसा उधळून बसलेल्या बगदादच्या माणसाला स्वप्नात इजिप्तला जायची आज्ञा होते, तिथे रात्रीच्या गस्तवाल्याच्या हाती तो सापडतो. 'अरेबियन नाइट्स'मध्ये ती आहे. इंग्लंडातल्या स्वॉफहॅम गावच्या फेरीवाल्याची दंतकथा हीच. तो लंडन ब्रिजवर जाऊन उभा राहतो. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या हसिदी परंपरेत क्राकोचा गरीब आयझिक प्रागच्या पुलापाशी जातो आणि खजिना त्याच्याच घरातल्या शेगडीखाली निघतो. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने १९३५ च्या आपल्या संग्रहात अरबी कथा पुन्हा सांगितली. आपल्याकडे तर सगळी गोष्ट एका म्हणीत मावते : काखेत कळसा, गावाला वळसा.

पण म्हणीत आणि गोष्टीत एक महत्त्वाचा फरक आहे. बहुतेक नव्या लेखकांच्या नजरेतून नेमका तोच निसटतो. म्हण त्या माणसाला हसते. वळसा फुकट गेला असं म्हणते. गोष्टीत वळसा फुकट जात नाही. दूरच्या गावी त्याला जो माणूस भेटतो, शिपाई म्हणा, पहारेकरी म्हणा, तो त्याला वेड्यात काढतो आणि म्हणतो, 'अरे, मलाही स्वप्न पडतं, अमुक शहरात तमुक घरात धन पुरलंय म्हणून. मी गेलो का कधी?' ते घर नायकाचंच असतं. म्हणजे धन घरात होतं, पण धनाची बातमी परक्या माणसाकडे होती, आणि तीही स्वप्नावर विश्वास नसलेल्या माणसाकडे. सगळ्या गोष्टीचा खिळा हा आहे. तो काढला की फक्त योगायोग उरतो.

तुमच्या मसुद्याला एकच प्रश्न विचारा : नायक घरीच बसला असता तर त्याला हे सापडलं असतं का? उत्तर 'हो, जमीन खणली असती तर सापडलं असतं' असं असेल, तर शेवट पडला. उत्तर 'नाही, कारण ती खूण फक्त तिकडच्या अमक्यालाच माहीत होती' किंवा 'नाही, कारण समोर असून तेव्हा त्याला ते ओळखता आलं नसतं' असं असेल, तर शेवट उभा राहतो. या दोन 'नाही'पैकी दुसरं उत्तर जास्त अवघड, पण कादंबरीला तेच शोभतं. पहिलं लोककथेला पुरतं. दुसरं निवडलंत तर ती वस्तू पहिल्या दोन प्रकरणांत वाचकाला दाखवलेली असली पाहिजे, तीही घरातल्या साध्या कामाच्या ओघात, बोट न दाखवता. शेवटी वाचकाने मागची पानं उलटून खात्री करून घेतली, तर तुम्ही जिंकलात.

योगायोगाबद्दल लेखकमंडळींत एक जुना दंडक आहे आणि तो बरोबर आहे : योगायोगाने नायक अडचणीत आला तर वाचक मान्य करतो, योगायोगाने सुटला तर नाही. 'सृष्टीने कौल दिला' असं लिहिल्याने योगायोगाचा डाग जात नाही.

प्रश्न : 'हिरोज जर्नी' म्हणजे नायकाच्या प्रवासाच्या साच्यातल्या बारा पायऱ्या पाळाव्यात का? कार्यशाळेत त्या अनिवार्य सांगितल्या.

पाळू नका, पण वाया घालवूही नका. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली जगभरच्या पुराणकथांतून जो साचा मांडला, त्यात टप्पे सतरा आहेत आणि भाग तीन : प्रस्थान, दीक्षा, परतणं. बारा पायऱ्या ही ख्रिस्तोफर व्होगलर यांनी पटकथालेखकांसाठी नंतर केलेली सुटसुटीत मांडणी. दोन्ही मांडण्या आधी लिहिल्या गेलेल्या गोष्टी पाहून काढलेल्या आहेत. लिहिण्याआधी त्यांचे खण आखून घेतले की पात्रं खणात बसायला धावतात. मग 'आवाहन नाकारणे' ही पायरी आहे म्हणून नायक दोन पानं विनाकारण नाही म्हणत बसतो.

पहिला खर्डा पूर्ण झाला की मात्र ही यादी बाहेर काढा आणि तिच्यावरून हात फिरवा. बहुतेक खर्ड्यांत एकच भाग गायब असतो : परतणं. कॅम्बेलच्या साच्यात त्याला सतरापैकी सहा टप्पे आहेत आणि आपण त्याला दोन परिच्छेद देतो. स्वप्न हाती आल्यावर माणूस जुन्या लोकांत परत येतो, तेव्हा त्यांना तो ओळखू येत नाही आणि त्याला ते. हा भाग लिहायला जड जातो, म्हणूनच टाळला जातो. पन्नास हजार शब्दांच्या कादंबरीत त्याला पाचसहा हजार तरी द्या.

प्रश्न : माझ्या कादंबरीतला म्हातारा गुरू वाचकांना कंटाळवाणा वाटतो. तो काढून टाकावा का?

आधी त्याला नोकरी द्या. या कादंबऱ्यांतले बरेच गुरू उंटावरचे शहाणे असतात. पोटापाण्याचा उद्योग नाही, कुणाची उधारी नाही, कुणाशी भांडण नाही. झाडाखाली बसून नायकाची वाट पाहणं एवढंच काम. अशा माणसाला बोलण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

त्याला नायकाकडून काहीतरी हवं असू द्या. त्याची नजर अधू झाली आहे, हात थरथरतो आणि अर्धवट राहिलेलं काम उरकायला त्याला तरणे डोळे हवेत. आता तो शिकवतो ते स्वार्थापोटीही शिकवतो, आणि त्याचा सल्ला नायकाच्या भल्याचा की स्वतःच्या सोयीचा, याचा हिशोब वाचक करत राहतो. दुसरं, त्याला एकदा तरी स्पष्ट चुकू द्या, तेही महत्त्वाच्या बाबतीत. तिसरं, कादंबरीच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास त्याला दृश्यातून बाजूला करा. मारायलाच हवं असं नाही. तो रुसू शकतो, परगावी जाऊ शकतो किंवा त्याचा सल्ला नायकाला नको असू शकतो. शेवटचा निर्णय गुरूच्या सावलीत झाला तर तो नायकाचा राहत नाही.

त्याच्या संवादांसाठी एक यांत्रिक युक्ती आहे. त्याचं बोलणं सलग तीन वाक्यांपुढे गेलं की हातातल्या कामाने ते तोडा. रंधा अडकला, गिऱ्हाईक आलं, दिवा भडकला, काहीही. इतकं करूनही तो कंटाळवाणाच राहिला, तर मग खुशाल काढा.

प्रश्न : नायकाचं स्वप्न शेवटी पुरं होत नाही. प्रकाशकाच्या संपादकांनी 'मग ही प्रेरणादायी कशी?' असं विचारलं. काय उत्तर देऊ?

या प्रकाराचा मूळ पुरुष दाखवा. जर्मन लेखक गोएथेची व्हिल्हेल्म माइस्टरच्या उमेदवारीची कादंबरी १७९५-९६ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यापाऱ्याच्या मुलाला नाटकवाला व्हायचंय. तो नटांच्या फडात सामील होतो, हॅम्लेटची भूमिका करतो आणि शेवटी नाटक सोडून देतो. आपली जागा तिथे नाही, हे त्याला कळतं. पुढे अशा कादंबऱ्यांना जर्मनमध्ये 'बिल्डुंग्सरोमान' म्हणू लागले, म्हणजे माणूस घडण्याची कादंबरी. म्हणजे स्वप्न सुटलं आणि माणूस सापडला, हा शेवट या घराण्यात पहिल्यापासून आहे.

संपादकांच्या प्रश्नात तथ्य मात्र आहे. स्वप्न अपुरं राहण्याचे दोन प्रकार असतात. एकात परिस्थिती जिंकते आणि नायक पाहत राहतो. ती शोकांतिका, आणि ती प्रेरणादायी म्हणून विकली तर वाचक फसवला गेल्यासारखा चिडतो. दुसऱ्यात स्वप्न हाताच्या अंतरावर असतं आणि नायक ते घेत नाही, कारण आता त्याला दुसरं काही जास्त मोलाचं वाटू लागलंय. यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : ते स्वप्न खरोखर मिळण्यासारखं होतं, सोडताना त्याला दुखलं, आणि ज्यासाठी सोडलं ते शेवटच्या प्रकरणात अचानक उगवलेलं नाही, तर निम्म्या कादंबरीपासून त्याच्या शेजारी उभं आहे. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. तुमच्या खर्ड्यात मध्यावरची दोन प्रकरणं काढून पाहा. ते 'दुसरं काही' तिथे दिसत नसेल तर शेवट न बदलता मधला भाग बदला.

प्रश्न : किती शब्द, किती प्रकरणं, किती महिने?

या प्रकारच्या कादंबऱ्या आटोपशीर असलेल्या बऱ्या. चाळीस ते साठ हजार शब्द पुरेत. छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द धरले तर पन्नास हजारांची पावणेदोनशे-दोनशे पानं होतात. दोन हजारांचं एक अशी पंचवीस प्रकरणं धरा. प्रत्येकाची लांबी सारखी नको, एखादं सहाशे शब्दांतही संपू द्या.

निघण्याचा निर्णय पहिल्या चतुर्थांशाच्या आत व्हावा, म्हणजे सहाव्या प्रकरणापर्यंत. पुष्कळ खर्ड्यांत नायक दहाव्या प्रकरणातही सामान बांधतोय आणि लेखकाला वाटतंय आपण पार्श्वभूमी तयार करतोय.

रोज पाचशे शब्द, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला तीन हजार. पन्नास हजारांना सतरा आठवडे. सातवा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी मागचं वाचायचं नाही, दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. पहिल्या खर्ड्यात मागे वळून दुरुस्त्या करणाऱ्यांची पहिली तीन प्रकरणं लखलखीत होतात आणि चौथं लिहिलंच जात नाही. खर्डा झाला की चार ते सहा आठवडे नजरेआड ठेवा. दुसऱ्या हाताला एक दशांश तरी छाटायचं हे आधीच ठरवा. या प्रकारात छाटण्याजोगं कुठे असतं ते पेन्सिलीच्या रेघांनी सांगितलेलंच आहे.

प्रश्न : निवेदन 'मी'ने करू की 'तो'ने?

'मी' लिहिलंत तर सांगणारा प्रवास संपवून बसलेला असतो, त्याला सगळं कळलेलं असतं, आणि कळलेला माणूस शहाणपण वाटत सुटतो. 'मी' हवाच असेल तर त्याला त्या-त्या वयात ठेवा. 'आज मागे वळून पाहताना' हे शब्द पूर्ण कादंबरीत दोनदाच परवडतात. शंका असेल तर 'ती' किंवा 'तो' घ्या.

प्रश्न : कथेत खरोखरची झोपेतली स्वप्नं किती असावीत?

एक. फार तर तेच पुन्हा, थोडं बदलून. लांबी अर्ध्या पानाहून कमी. स्वप्नाचा अर्थ कुणी लगेच समजावून सांगितला तर प्रसंगाची हवा जाते. चुकीचा अर्थ लावला तर कथा पुढे सरकते.

प्रश्न : मी लिहीत नाही, फक्त वाचते. अशी कादंबरी वाचली की दोन दिवस अंगात वारं शिरतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वाचण्यात काही चुकतंय का?

वाचण्यात नाही, वाचून झाल्यावर जे घडतं त्यात. कादंबरी तुम्हाला स्वप्नपूर्तीचा आनंद आधीच देऊन टाकते, आणि मिळालेल्या गोष्टीसाठी कुणी धावत नाही. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले एटिंगेन यांनी यावर दीर्घकाळ काम केलं आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांवरचा त्यांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता, पंचवीस जणींचा, पण निष्कर्ष बारकाईने वाचण्यासारखा आहे. 'मला हे जमेल' अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. यशाची गोड गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं कमी. अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कादंबरी वाचून बहुधा दुसरी वाढते.

एटिंगेन यांची पद्धत चार टप्प्यांची आहे : इच्छा, ती पुरी झाली तर मिळणारी सर्वांत चांगली गोष्ट, आपल्या आतला अडथळा, आणि बेत. क्रम मोडायचा नाही. आधी गोड चित्र, मग लगेच अडथळा. शेवटच्या बेतासाठी पीटर गोल्विट्झर यांची 'जर-तर' वाक्याची रीत वापरतात. 'मी रोज चित्र काढेन' हा नुसता संकल्प. 'रात्रीची भांडी आवरून झाली की मी जेवणाच्या टेबलावर वही उघडेन' हा बेत, कारण त्यात कधी आणि कुठे ठरलेलं आहे. अडथळ्याचंही तसंच वाक्य करा : 'फोन हातात घेतला, तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून येईन.'

कादंबरीला हे असं जोडा. पुस्तक मिटल्यावर आवडलेली वाक्यं उतरवू नका. नायकाने ज्या जागी खरा निर्णय घेतला ते एकच पान शोधा आणि त्याच्यासाठी तीन गोष्टी लिहा : त्याने काय सोडलं, त्या वेळी त्याला काय माहीत नव्हतं, आणि लेखकाने त्याला कोणती मदत फुकटात पुरवली. तिसरी यादी मोठी निघते. वाटेत भेटलेला दयाळू व्यापारी, नेमक्या वेळी आलेलं पत्र, आजारी न पडणारे आईवडील. ती मदत तुमच्याकडे नसेल तर तिच्या जागी तुमचं काय आहे ते शेजारी लिहा : साठवलेले तीन महिन्यांचे पैसे, आठवड्यातले चार तास, बहीण. काहीच नसेल तर तुमचा पहिला बेत स्वप्नाचा नको, ती जागा भरण्याचा करा.

आणि हो, अशा दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचू नका. मध्ये अपयशाबद्दलचं एखादं खरं आत्मचरित्र घाला.

प्रश्न : खर्डा कुणाला वाचायला द्यावा आणि काय विचारावं? घरचे 'छान आहे' म्हणतात.

घरच्यांना देऊ नका. स्वप्नासाठी घर सोडणाऱ्या नायकाची कादंबरी तर नकोच, ते त्यात स्वतःला शोधत बसतील. तीन ते पाच वाचक पुरेत. त्यांतला एक तुमच्या नायकाच्या धंद्यातला असावा, म्हणजे सरस, करवत, मापं यांतल्या चुका तो पकडेल. एक असा असावा ज्याला हा प्रकारच आवडत नाही.

'कशी वाटली?' असं विचारलंत तर 'छान' हेच उत्तर मिळेल. कागदावर छापून द्या आणि तीन खुणा करायला सांगा : जिथे पुस्तक खाली ठेवलं तिथे आडवी रेघ, जिथे लेखक शिकवतोय असं वाटलं तिथे फुली, आणि जिथे नायकाच्या जागी आपण वेगळं वागलो असतो तिथे प्रश्नचिन्ह. परत आल्यावर सगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवा. आडव्या रेघा एकाच प्रकरणात जमल्या असतील तर ते प्रकरण काढून पुढचं-मागचं जोडून बघा. बऱ्याचदा सांधा कळतही नाही. फुल्यांच्या बाबतीत एकाचीही फुली पुरेशी धरा. प्रश्नचिन्हांना हात लावू नका.